टंच

दिवाळीत विट्याच्या रस्त्यावर
केरळ, तमिळनाडू, आसाम, बिहार,
साऱ्या देशाच्या नंबरप्लेटा एकमेकींना खेटून उभ्या असतात.
गलाईवाले घरी आलेले.
स्टँडसमोरच्या टपरीवर बसतो आम्ही
आणि ज्यानं त्यानं आपलं गाव तोलायचं:
त्रिशूरचं पाणी, सिलिगुडीची थंडी,
कुठल्या पेठेत उधारी बुडते.

यंदा अनुजानं मलाच धरलं.
टोरांटोला चाललीय पोरगी, नर्सिंगला, पहिल्यांदाच विमानात.
"काका, तुम्ही महिन्यातनं दोनदा उडता.
फर्स्ट क्लासचं लाउंज सगळ्यात भारी कुठलं?"
"तुझं तिकीट मागचं. तुला काय करायचंय?"
"माहीत असावं."

मग सांगितलं.

दोह्याला छत एवढं उंच
की बोललेलं परत येत नाही.
मधोमध तळं.
त्याला पायरी नाही, शेवाळ नाही,
एक बेडूक नाही.
तासभर काठाला बसलो, पाय सोडायची सोय नव्हती.

सिंगापूरला नावानं हाक मारतात.
नाव चुकतं, मान मात्र नीट लवते.

झुरिचला निजायला खोली. चादर अशी ताठ
की तिच्यावर आपण पडलो तर आपलाच डाग.
खुर्चीत बसून काढली रात्र.

दुबईला मोरीतल्या नळालासुद्धा सोनं.
इकडं तिकडं बघून नखानं खरवडलं.
मुलामा.

इस्तंबूलला एक म्हातारा समोरच पीठ थापत होता,
आपल्या भाकरीची लांबची मावसबहीण.
त्यानं माझी बोटं बघितली,
तेजाबानं जळालेली, काळ्या नखांची,
काही बोलला नाही,
ताटात एक जादा टाकली.

"मग इस्तंबूल," अनुजा म्हणाली.
थांब म्हटलं. टंच असा डोळ्यांनी निघत नाही.

आमच्या दुकानात हात धुतलेलं पाणी कुणी सांडत नाही.
पिंपात साठवायचं, वर्षानं आटवायचं,
तळाशी कण बसलेले असतात.
जमीन झाडली की केर पुडीत.
जुनी चटई जाळून राख गाळायची.
चाळीस वर्षं हेच केलं,
त्यामुळं कुठल्याही लाउंजमध्ये हात धुताना
पाणी खळखळ निघून जातं
आणि माझ्या पोटात कसंतरी होतं.
तो घोटा बुडेल असा गालिचा बघितला की वाटतं,
हा जाळला तर मुशीत काय उतरेल?
कुणी कुणाशी बोललेलं नाही त्याच्यावर.
कुणी रडलेलंही नाही बहुतेक.
नुसतं हीण.

आमचे दादा कोइमतूरला गाडीची वाट बघत
फलाटावर ट्रंकेवर बसायचे. रात्रभर.
ट्रंकेत दुसऱ्याची चांदी.
झोप लागू नये म्हणून तोंडात मिरची धरायचे.
एकदा शेजारच्या बाईनं तिचं लेकरू त्यांच्या मांडीवर ठेवलं
आणि पाणी आणायला गेली.
परत आली तेव्हा दादा तसेच, ताठ,
ट्रंक खाली, लेकरू वर,
दोन्ही दुसऱ्याची.
हे ते सांगायचे आणि हसायचे.
मला अजून कळत नाही, हसायचे का.

"काका, म्हणजे कुठलं?"

हिंदुराव म्हणाला, "ह्याला कशाला विचारतीस?
हा राजाच्या महालात बसला तरी
बॅगेचा पट्टा पायात अडकवून बसंल."
खरं आहे.
मऊ कोचावर, हातात फुकटचा केशरी रस,
आणि पट्टा घोट्याभोवती दोन वेढे.
पोरगी येऊन म्हणते, सर, आराम करा.
मी म्हणतो, करतोय की.

अनुजाला एवढंच सांगितलं,
तपासणी झाली की पलीकडं नळ असतो,
बाटली तिथंच भरून घे, विकत घेऊ नको.
तिनं ते फोनमध्ये लिहून घेतलं, अगदी मनापासून.

टपरीवाल्यानं ग्लास विसळले,
पाणी रस्त्यावर फेकलं.
मी वाकून बघत राहिलो
ते कुठल्या बाजूला वाहतंय.